हिशेबाचें यंत्र आणि शास्त्राचें यंत्र



दहावीचा निकाल लागला कीं शिक्षकांस पालकांकडून एक प्रश्न हल्लीं हमखास ऐकावा लागतो : "मुलाला संगणक घेऊन द्यावयाचा आहे, प्रोसेसर कोणता घ्यावा?" दुकानांत विचारावें तर जो सर्वांत महाग तोच सर्वांत उत्तम असें उत्तर मिळतें. मुलांस विचारावें तर ज्यावर खेळ वेगानें चालतील तो उत्तम असें तीं सांगतात. उसाच्या बिलाच्या हप्त्यांवर ज्या घराचा वर्षाचा संसार चालतो, त्या घरानें चाळीस-पन्नास हजार रुपये, आणि तेही कित्येकदां कर्जाऊ काढून, कशावर खर्च करावे हा विषय लहान नाहीं. यास्तव प्रोसेसरांच्या जाती किती, त्या कोणत्या कामासाठीं निर्माण झाल्या, व्यापारी हिशेबास कोणता योग्य व शास्त्रीय गणितास कोणता, याचा थोडा विचार या लेखांत करूं. त्यासाठीं फार दूर जावयास नको. ज्या यंत्रांचीं उदाहरणें घ्यावयाचीं त्यांतील बहुतेक आपल्या पुणें जिल्ह्यांतच आहेत.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय तें पाहूं. संगणकाच्या ज्या भागांत आज्ञा वाचल्या जातात व त्यांप्रमाणें आंकड्यांवर क्रिया होते, तो भाग म्हणजे प्रोसेसर. तो विचार करीत नाहीं. दोन संख्या आण, त्यांची बेरीज कर, उत्तर अमुक घरांत ठेव, उत्तर शून्य आल्यास अमुक आज्ञेकडे वळ, अशा अगदीं साध्या आज्ञा तो पाळतो. मात्र त्या एका सेकंदांत कोट्यवधि वेळां पाळतो, हेंच त्याचें सामर्थ्य. हें सर्व नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेल्या असंख्य सूक्ष्म स्विचांमुळें घडतें. परंतु त्या तुकड्यावरील जागा, त्यास लागणारी वीज, त्यांतून निघणारी उष्णता आणि त्याची किंमत या सर्वांस मर्यादा आहे. म्हणून तो घडविणाऱ्यास नेहमीं एक निवड करावी लागते : त्या जागेंत थोडे परंतु हुशार कारकून बसवावे, कीं पुष्कळ परंतु साधे मजूर बसवावे? प्रोसेसरांच्या निरनिराळ्या जाती या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून निघाल्या आहेत.

हिशेब आणि शास्त्र यांचीं यंत्रें वेगळीं असावीं हा विचार जुना आहे. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक 1960 सालीं रीतसर चालूं झाला. त्याचें काम शास्त्रीय गणिताचें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे 1961 सालीं, त्याच शहरांत एस्सो या तेलाच्या कंपनीनें आय. बी. एम. कंपनीचें 1401 हें यंत्र बसविलें. त्याचें काम कचेरीच्या हिशेबाचें. दोन्ही यंत्रें आंकडेमोड करीत, परंतु त्यांची रीत भिन्न होती. टिफ्रॅक द्विमान पद्धतीनें, म्हणजे केवळ 0 आणि 1 या दोन अंकांनीं मोजीत असे. 1401 मात्र तुम्हीआम्ही मोजतों त्याप्रमाणें दशमान अंकांनींच बेरीज-वजाबाकी करी.

असें कां, असा प्रश्न चतुर विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर दहा पैशांच्या नाण्यांत आहे. दहा पैसे म्हणजे 0.1 रुपया. एक भागिले तीन हें उत्तर जसें आपल्या दशांशांत 0.3333 असें कधींच संपत नाहीं, तसेंच 0.1 ही संख्या द्विमान पद्धतींत लिहूं लागल्यास 0.000110011 अशी लांबत जाते व कधींच संपत नाहीं. यंत्रांत जागा मर्यादित असल्यामुळें तिची शेपटी कोठें तरी तोडावीच लागते. ज्यांस शाळेच्या संगणकावर पायथन भाषा शिकविली आहे त्यांनीं स्वतः करून पाहावें : शून्यांत एकामागून एक दहा वेळां 0.1 मिळवावें. उत्तर 1 न येतां 0.9999999999999999 असें येईल.

पाऊस मोजणाऱ्या शास्त्रज्ञास या फरकाची क्षिती नाहीं. त्याच्या पर्जन्यमापकाची चूकच याहून कितीतरी मोठी असते. त्यास हवें असतें तें निराळेंच. एकाच गणितांत ताऱ्याचें अंतर आणि इलेक्ट्रॉनचें वजन, म्हणजे अतिप्रचंड व अतिसूक्ष्म अशा दोन्ही संख्या मावल्या पाहिजेत. त्यासाठीं दशांशचिन्ह हवें तसें सरकविण्याची 'तरंगत्या बिंदूची' रीति त्यानें पत्करली, आणि शेवटच्या अंकांतील किंचित् चूक सोसली. सावकाराच्या वहींत मात्र एक पैशाची चूक ही चूकच होय. कारण ती एकटी राहत नाहीं. रोज हजारों व्यवहार झाले कीं ती साठत जाते. कॅनडांतील व्हँकुव्हर शहराच्या शेअरबाजारानें 1982 सालीं आपला निर्देशांक 1000 पासून सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर नवा आंकडा काढतांना तिसऱ्या दशांशस्थळापुढील अंक योग्य रीतीनें पूर्ण न करतां नुसते टाकून देण्यांत येत. सुमारें बावीस महिन्यांत निर्देशांक घसरत घसरत जवळजवळ निम्म्यावर आला. 1983 सालीं चूक ध्यानांत येऊन तो पुन्हां मोजला, तेव्हां खरा आंकडा 1098 च्या वर निघाला! म्हणजे बाजार वस्तुतः चढला होता आणि यंत्र तो उतरला असें सांगत होतें.

हीं दोन कुळें 7 एप्रिल 1964 रोजीं एकत्र आलीं. त्या दिवशीं आय. बी. एम. कंपनीनें 'सिस्टिम 360' ही यंत्रमालिका जाहीर केली. वर्तुळाच्या 360 अंशांप्रमाणें हें यंत्र सर्व दिशांस तोंड देईल, अर्थात् हिशेबही करील व शास्त्रही करील, असा त्या नांवाचा आशय होता. आज आपल्या घरच्या संगणकांतील जो मुख्य प्रोसेसर, ज्यास सी. पी. यू. म्हणतात, तो त्याच सर्वसाधारण परंपरेंतला आहे. त्यावर हिशेब अचूक ठेवण्याची युक्तीही सोपी आहे : रुपये अपूर्णांकांत न मोजतां पैसे पूर्णांकांत मोजावे, किंवा प्रोग्रॅममध्यें दशमान रीति वापरावी. मोठ्या बँकांच्या कांहीं यंत्रांत दशमान गणित आजही प्रोसेसरमध्येंच कोरलेलें असतें. परंतु गांवच्या सोसायटीस तें लागत नाहीं.

मग दोन्ही कामें एकच प्रोसेसर करीत असतां निवडीचा प्रश्न उरला कोठें? तो उरला कामाच्या स्वरूपांत. तें समजण्यासाठीं आपल्या वर्गाचेंच उदाहरण घेऊं. फळ्यावर चाळीस निरनिराळे गुणाकार लिहिले व वर्गांत चाळीस मुलें असलीं, तर प्रत्येकानें एक करावा; एका गुणाकाराच्या वेळांत चाळीस होतात. परंतु दुसरें उदाहरण असें घ्या : एक रक्कम व्याजानें ठेवली, दरवर्षीं व्याज मिळवावयाचें, त्या वर्षाच्या शिलकेवरून किती उचलावयाचे तें ठरवावयाचें, व उरलेल्यावर पुन्हां व्याज काढावयाचें, असें चाळीस वर्षें. येथें दुसऱ्या वर्षाचें गणित पहिल्याचें उत्तर हातीं आल्यावांचून सुरूच होत नाहीं. चाळीस मुलें असून काय उपयोग? एकोणचाळीस नुसतीं बसून राहतील. येथें एकच परंतु चलाख मुलगा हवा.

व्यापारी काम बहुधा या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतें. यू. पी. आय. ची पद्धति 2016 सालीं सुरू झाली, आणि आज भाजीवाल्याकडेही तिचा ठसा लटकतो. तुम्ही पन्नास रुपये पाठविले कीं खातें शोधणें, शिल्लक पाहणें, ती पुरेशी असेल तर वजा करणें, समोरच्या खात्यांत जमा करणें, दोन्हींची नोंद करणें, आणि मध्येंच कांहीं बिघडल्यास सर्व पूर्ववत् करणें, अशा पायऱ्या घडतात. गणित म्हणावें तर एक वजाबाकी व एक बेरीज! परंतु जागोजागीं "असें असेल तर असें, नाहीं तर तसें" हा निर्णय आहे, आणि एकाच खात्यांतून एकाच क्षणीं दोन व्यवहार होऊं नयेत हें पथ्य आहे. अशा कामास थोडे परंतु हुशार कारकून, म्हणजे सी. पी. यू. हाच योग्य. येथें वेगापेक्षां विश्वास मोठा. म्हणून व्यापारी यंत्रांत आपली चूक आपणच पकडून दुरुस्त करणारी स्मृति वापरतात, व माहितीची दुसरी प्रत सदैव तयार ठेवतात.

शास्त्रीय काम पुष्कळदां पहिल्या प्रकारचें असतें. एकच क्रिया लक्षावधि आंकड्यांवर करावयाची. यासाठीं अमेरिकेंत सेमूर क्रे या गृहस्थांनीं बांधलेलें 'क्रे-1' हें यंत्र 1976 सालीं कामास लागलें. एकच आज्ञा देऊन आंकड्यांची अख्खी ओळ एकामागोमाग रेटावयाची, ही त्याची रीत. भारतास हवामानाच्या अंदाजासाठीं पुढें एक क्रे यंत्र मिळालें, परंतु त्याहून शक्तिमान यंत्र देण्यास अमेरिकेनें अनुमति दिली नाहीं. तेव्हां 1988 सालीं पुण्यांत प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें, व त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांजकडे आली. त्यांच्यापुढें जो प्रश्न होता तो आपल्या या लेखाचाच प्रश्न होय. एकच महाबलाढ्य प्रोसेसर मिळत नाहीं. मग कोणता घ्यावा?

त्यांनीं इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचा 'ट्रान्सप्यूटर' निवडला. एकटा घेतल्यास तो क्रे यंत्राच्या पासंगासही पुरणारा नव्हता. परंतु त्याच्या अंगीं एक विशेष गुण होता : शेजारच्या ट्रान्सप्यूटरांशीं बोलण्यासाठीं चार दुवे त्याच्या चिपमध्येंच बसविलेले होते. अनेकांची सांगड घालून त्यांजकडून एकच काम वांटून करून घेणें त्यामुळें शक्य झालें, आणि 1991 सालीं 'परम 8000' हा महासंगणक पुण्यांत उभा राहिला.

या यशाबरोबर एक धडाही शिकावयाचा आहे. ट्रान्सप्यूटरचा वंश पुढें वाढला नाहीं. 'परम' च्या नंतरच्या यंत्रांत इंटेल, सन, आय. बी. एम. अशा निरनिराळ्या कंपन्यांचे प्रोसेसर घ्यावे लागले. 2013 सालच्या 'परम युवा-2' मध्यें मुख्य प्रोसेसरच्या जोडीस वेगवर्धक चिपा आल्या, व 2020 सालच्या 'परम सिद्धि' मध्यें ग्राफिक प्रोसेसर आले. प्रोसेसर जातात, प्रोग्रॅम मात्र राहतात. यास्तव निवड करतांना आजच्या वेगाइतकाच, आपले प्रोग्रॅम उद्यांच्या यंत्रावर नेतां येतील कीं नाहीं, याचाही विचार करावा लागतो.

कित्येकांस वाटेल कीं मजूर जितके वाढवावे तितकें काम लवकर होईल. तसें होत नाहीं. ऊसतोडीचें उदाहरण घ्या. एका शेतांतील ऊस तोडावयास एका कोयत्यास 90 तास लागतात, आणि तोडलेला ऊस एकाच अरुंद वाटेनें बाहेर काढून वजन करून घेण्यास 10 तास लागतात, असें समजा. हें दुसरें काम वांटून घेतां येत नाहीं. एकूण 100 तास. नऊ कोयते लावले तर तोड 10 तासांत होईल, वाहतुकीचे 10 तास मिळून 20. म्हणजे वेग पांचपट. नव्वद कोयते लावले तर तोड एका तासांत, एकूण 11 तास. वेग सुमारें नऊपट. कोयते नव्वदपट आणि लाभ नऊपट! हजार लावले तरी दहा तासांच्या खालीं येणें नाहीं. जीन अॅमडाल यांनीं 1967 सालीं संगणकांविषयीं जें मांडलें तें हेंच, आणि त्यांच्या नांवानें हा नियम प्रसिद्ध आहे. वांटतां न येणारा भाग किती, हें पाहिल्यावांचून अधिक मजूर लावणें म्हणजे मजुरी फुकट घालविणें होय.

आतां आज उपलब्ध असलेल्या चार मुख्य जातींकडे वळूं. पहिली सी. पी. यू. ; ती आपण पाहिलीच. दुसरी जी. पी. यू. अथवा ग्राफिक प्रोसेसर. पडद्यावरील लक्षावधि ठिपक्यांचा रंग एकाच वेळीं काढण्यासाठीं हा मूळ निर्माण झाला. यांत हजारों साधे मजूर असतात. ते मुकादमाच्या एका आज्ञेसरशीं एकच काम आपापल्या आंकड्यावर करितात. ऊसतोडीच्या टोळीप्रमाणें हे एका दमांत शेत मोकळें करतील, पण प्रत्येकास निराळा निर्णय घ्यावयास सांगितल्यास गोंधळ होऊन वेग पार मंदावेल.

तिसरी व चौथी जात समजण्यासाठीं बागायतीचें पाणी आठवावें. सिमेंटानें बांधलेला पाट पाणी झपाट्यानें व वायां न घालवितां नेतो, परंतु तो जेथें बांधला तेथेंच नेतो. उद्यां पीक बदललें तरी पाट हलत नाहीं. एकाच कामासाठीं कोरलेली चिप अशी असते. तिला एसिक म्हणतात. ती सर्वांत वेगवान् व सर्वांत कमी वीज खाणारी, परंतु ती घडविण्याचा आरंभींचा खर्च अवाढव्य. लाखों नग खपले तरच परवडते. याउलट मातीचे दंड शेतकरी खोऱ्यानें हवे तसे वळवितो. दारें मोडून पाणी आज या वाफ्यांत, उद्यां त्या वाफ्यांत. ज्या चिपेंतील वाटा अशा पुन्हां पुन्हां वळवितां येतात तिला एफ. पी. जी. ए. म्हणतात. ती एसिकइतकी चपळ नाहीं, परंतु काम बदललें तर चिप फेंकून द्यावी लागत नाहीं.

या चारही जातींचा उपयोग एकाच कामावर पाहावयाचा असेल तर आपल्याच जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत खोडद येथें जावें. प्रो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जी. एम. आर. टी. च्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तेथें आकाशाकडे तोंड करून आहेत. दूरच्या दीर्घिकेकडून येणारी रेडिओ लहर प्रत्येक तबकडी टिपते. मग कोणत्याही दोन तबकड्यांच्या लहरी एकमेकींशीं ताडून पाहाव्या लागतात. विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा : तीस तबकड्यांच्या जोड्या किती? तीस गुणिले एकोणतीस, भागिले दोन, म्हणजे 435. प्रत्येक जोडीचा गुणाकार अहोरात्र, क्षणोक्षणीं चालला पाहिजे.

आरंभीं हें काम खास चिपांनीं, म्हणजे सिमेंटच्या पाटानें केलें जात होतें. पुढें 2010 च्या सुमारास साध्या सी. पी. यू. चे संगणक इतके वेगवान् झाले कीं त्यांचा एक समूह जोडून तेंच काम प्रोग्रॅमच्या द्वारें होऊं लागलें. त्यामुळें काम बदलणें सोपें झालें. नवी रीति सुचली तर यंत्र न बदलतां प्रोग्रॅम बदलावा. त्यानंतर दुर्बिणीची सुधारणा झाली, व एकाच वेळीं टिपावयाच्या लहरींचा पट्टा सुमारें 32 मेगाहर्ट्‌झपासून 400 मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला. चारशें मेगाहर्ट्‌झची लहर नोंदावयाची तर सेकंदास निदान त्याच्या दुप्पट, म्हणजे 80 कोटि नोंदी घ्याव्या लागतात. प्रत्येक तबकडीच्या लहरी दोन; म्हणजे साठ लहरी. साठ गुणिले 80 कोटि, म्हणजे सेकंदास 4800 कोटि नोंदी! एवढा लोंढा साध्या सी. पी. यू. स आवरणें कठीण.

तेव्हां तेथील शास्त्रज्ञांनीं कामाची वांटणी केली. लहरींचे आंकडे करून ते ठरल्या वाटेनें पुढें ढकलण्याचें काम एफ. पी. जी. ए. कडे दिलें, कारण तेथें निर्णय नाहीं, केवळ अखंड प्रवाह आहे. लहरींचें पृथक्करण व जोड्यांचे गुणाकार जी. पी. यू. कडे दिले, कारण तेथें एकच क्रिया असंख्य आंकड्यांवर करावयाची आहे. आणि सर्वांवर देखरेख ठेवणें, वेळ सांभाळणें, उत्तरें सांठविणें हें काम सी. पी. यू. कडेच ठेवलें, कारण तेथें निर्णय आहेत. कोणता प्रोसेसर श्रेष्ठ, या प्रश्नास त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. कोणतें काम कोणाचें, एवढेंच ठरविलें. यांतच निवडीचें सारें मर्म आहे.

दुसरें उदाहरण ज्याकडे आपल्या राहू बेटांतील प्रत्येक शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात त्या पावसाचें. पुण्यांत पाषाण येथें भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथें 2018 सालीं 'प्रत्यूष' हा महासंगणक बसला; त्याची शक्ति 4 पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदास चाळीस कोटिगुणिले कोटि क्रिया. 2024 सालीं त्याहून मोठा 'अर्क' आला. त्याची शक्ति 11.77 पेटाफ्लॉप. हीं यंत्रें पृथ्वीवर चौकटींची जाळी कल्पून प्रत्येक चौकटींतील वारा, उष्णता व बाष्प यांचें गणित करितात. 'प्रत्यूष'वर जागतिक अंदाजाची चौकट 12 किलोमीटरची होती. मे 2025 मध्यें सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मध्यें ती 6 किलोमीटरची आहे. चौकट निम्मी झाली म्हणजे काम दुप्पट झालें असें समजूं नका. लांबींत दुप्पट व रुंदींत दुप्पट मिळून चौकटी चौपट झाल्या. शिवाय लहान चौकटींतून वारा लवकर पलीकडे जातो, म्हणून काळाचीं पावलेंही निम्मीं घ्यावीं लागतात. एकंदर काम आठपट. एवढा खटाटोप अशासाठीं, कीं एका तालुक्यांत पाऊस व शेजारच्या तालुक्यांत ऊन हा भेद अंदाजांत दिसावा, आणि शेतकऱ्यानें बी टाकावें कीं थांबावें हें त्यास ठरवितां यावें.

येथें कोणी विचारील, "जी. पी. यू. इतका वेगवान् तर हवामानाचें गणित सर्वस्वीं त्यावरच कां नाहीं?" त्याचें एक कारण असें कीं हे प्रोग्रॅम अनेक शास्त्रज्ञांनीं अनेक दशकें फोरट्रान भाषेंत सी. पी. यू. साठीं लिहिले आहेत. ते टोळीच्या रीतीनें पुन्हां लिहावयाचे म्हणजे कित्येक वर्षांचें काम. स्वित्झर्लंडच्या हवामानखात्यानें तसे श्रम करून 2016 सालीं आपला अंदाज जी. पी. यू. वर नेला, म्हणजे तें अशक्य नाहीं, परंतु त्याची किंमत केवळ यंत्राच्या पावतीवर लिहिलेली नसते.

जाहिरातींतील आंकड्यांविषयींही सावध असावें. 'परम सिद्धि' मध्यें वापरलेल्या ए-100 या ग्राफिक प्रोसेसरचें उदाहरण पाहा. शास्त्रास लागणाऱ्या पूर्ण अचूकतेनें, म्हणजे 64 अंशी गणितांत, त्याचा सर्वसाधारण वेग सेकंदास 9.7 लाख कोटि क्रिया इतका आहे. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेस पुरणाऱ्या ढोबळ 16 अंशी गणितांत तोच वेग 312 लाख कोटि सांगतात. यंत्र एकच, आंकड्यांत बत्तीसपट अंतर! खेळांसाठीं विकल्या जाणाऱ्या स्वस्त कार्डांत तर पूर्ण अचूकतेचा वेग याहून पुष्कळच कमी ठेवलेला असतो. म्हणून कोणी वेगाचा आंकडा पुढें केला तर "कोणत्या अचूकतेनें?" हें आधीं विचारावें.

आतां पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. दुकानांत जाण्यापूर्वीं एका कागदावर चार गोष्टी लिहून काढाव्या. पहिली, काम कोणतें? दुसरी, तें वांटून करण्याजोगें आहे कीं एकामागून एक पायऱ्यांचें? तिसरी, जे प्रोग्रॅम वापरावयाचे ते कोणत्या जातीच्या प्रोसेसरवर चालतात? मोबाइलमध्यें बहुधा आर्म जातीचा प्रोसेसर असतो. तो वीज थोडी खातो, आणि 2020 सालीं जगांत पहिला ठरलेला जपानचा 'फुगाकू' महासंगणकही त्याच जातीचा होता. तथापि आपला हिशेबाचा प्रोग्रॅम त्यावर चालत नसेल तर त्याची थोरवी आपल्या काय कामाची? चौथी, यंत्राची किंमतच नव्हे, तर वीज, दुरुस्ती व बॅटरी मिळून पांच वर्षांचा खर्च किती?

या कसोटीनें पाहतां वाणिज्य शाखेच्या, अथवा अकरावी-बारावीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास मध्यम प्रतीचा सी. पी. यू. पूर्ण पुरतो. प्रोसेसरवर अधिक खर्चण्यापेक्षां स्मृति थोडी अधिक घ्यावी, आणि जुन्या फिरत्या डिस्कऐवजीं एस. एस. डी. घ्यावी, कारण घरगुती संगणक रखडतो तो बहुधा प्रोसेसरमुळें नव्हे, तर आंकडे वेळेवर हातीं न आल्यामुळें. चलाख स्वयंपाकीण असून सरपण ओलें असेल तर भाकरी लवकर कशी व्हावी? अभियांत्रिकी वा शास्त्र शिकणाऱ्यास जी. पी. यू. चा अभ्यास करावयाचा असेल तरी आरंभीं तो विकत घेण्याची गरज नाहीं. दूरच्या यंत्रावरील जी. पी. यू. इंटरनेटद्वारां मर्यादित वेळ विनामूल्यही वापरावयास मिळतो. ज्ञान वाढून त्याची रोज गरज पडूं लागली, म्हणजे मग घ्यावा.

दूधसंस्था व विविध कार्यकारी सोसायट्या यांच्या चालकांसही दोन शब्द. देशांतील 63,000 प्राथमिक कृषि पतसंस्थांचे हिशेब संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें जून 2022 मध्यें मंजूर केली. तेव्हां हा प्रश्न आतां गांवोगांव आला आहे. सभासदांच्या दुधाचें माप व कर्जाची बाकी लिहिण्यास शक्तिमान ग्राफिक कार्डाची कांहीं आवश्यकता नाहीं. तेच पैसे चूक सुधारणाऱ्या स्मृतीवर, दुसऱ्या डिस्कवर, वीज गेली तरी यंत्र चालूं ठेवणाऱ्या यू. पी. एस. वर, आणि रोजच्या रोज काढून निराळ्या ठिकाणीं ठेवावयाच्या प्रतीवर खर्च करावे. संथ यंत्रामुळें सभासदास दहा मिनिटें अधिक थांबावें लागेल. परंतु हरवलेल्या वहीमुळें त्याचा विश्वास जाईल, आणि तो पुन्हां कोणत्याही प्रोसेसरनें परत येणार नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां खोडदच्या दुर्बिणीवर काम करील, कोणी पाषाण येथें पावसाचें गणित मांडील, कोणी कारखान्याच्या काट्यावर उसाचें वजन लिहील. यांतील एकही काम हलकें नाहीं, आणि प्रत्येकास योग्य असें साधन निराळें आहे. सुतार रंधा उचलण्यापूर्वीं लाकूड पाहतो, शिंपी कात्री धरण्यापूर्वीं कापड पाहतो. तुम्हींही प्रोसेसरची जाहिरात पाहण्यापूर्वीं आपलें काम पाहावें, तें भागांत वेगळें करावें, आणि प्रत्येक भागास काय लागतें तें शांतपणें लिहून काढावें. हें करण्यास कागद व पेन्सिल पुरते, आणि तीं दोन्ही प्रत्येकाच्या दप्तरांत आजच आहेत.